हार्दिक आला, ईशान गेला, ग्रीन विकला: आयपीएलचे संघ खेळाडू ठेवतात, सोडतात, बदलतात ते कोणत्या हिशोबाने?

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे खान्देशात भरताचा हंगाम. जळगाव, यावल, रावेरच्या शेतांत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि धुळ्याचा पारा खाली घसरला की तिकडेही शेकोट्या पेटतात. नेमक्या याच दिवसांत आयपीएलच्या संघांची खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. मैदानावर एकही चेंडू पडलेला नसतो, पण शेकोटीभोवतीची चर्चा मात्र सामन्याएवढीच तापलेली असते. ईशान किशनला सोडलाच का? ग्रीनसारखा खेळाडू कोणी देऊन टाकतो का? हार्दिकला परत आणायची गरज काय होती?

या वादांत बहुतेक वेळा एकच मुद्दा असतो: खेळाडू चांगला आहे की नाही. संघ चालवणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. या खेळाडूच्या पैशात दुसरं काय काय घेता येईल, हा तो प्रश्न. तो समजला की मूर्खपणाचे वाटणारे अर्धे निर्णय समजतात. उरलेले अर्धे का खटकतात, तेही कळतं.

आधी नियम: पैसे किती आणि जागा किती?

आयपीएलमध्ये मालक कितीही श्रीमंत असला तरी खेळाडूंवर वाटेल तेवढा खर्च करता येत नाही. प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते. तिलाच 'पर्स' म्हणतात. २०२५ च्या हंगामासाठी ही पर्स १२० कोटी रुपये होती, २०२६ साठी १२५ कोटी झाली. त्यातून कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडूंचा संघ बांधायचा. परदेशी खेळाडू ८ पेक्षा जास्त नकोत आणि मैदानात उतरणाऱ्या अकरांत ते ४ पेक्षा जास्त नकोत.

खेळाडू मिळवण्याचे रस्ते तीन. पहिला म्हणजे आपला जुना खेळाडू कायम ठेवणं, ज्याला रिटेन्शन म्हणतात. दुसरा लिलाव. तिसरा म्हणजे दुसऱ्या संघाशी थेट सौदा, म्हणजेच ट्रेड. काही वर्षांनी एकदा मोठा लिलाव होतो. तेव्हा मोजके खेळाडू ठेवून बाकी सगळे सोडावे लागतात. मधल्या वर्षांत छोटे लिलाव होतात. त्यात संघ बराचसा तसाच राहतो, फक्त भोकं बुजवली जातात.

७५ कोटींचं गणित: ईशान का गेला?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात मोठा लिलाव झाला. त्याआधी प्रत्येक संघाला जास्तीत जास्त ६ खेळाडू राखून ठेवायची मुभा होती. त्याचे दर ठरलेले होते. भारताकडून खेळलेल्या किंवा परदेशी खेळाडूंपैकी पहिल्यासाठी १८ कोटी, दुसऱ्यासाठी १४, तिसऱ्यासाठी ११, चौथ्यासाठी पुन्हा १८ आणि पाचव्यासाठी १४. बेरीज करा: ७५ कोटी. पाच मोठे खेळाडू ठेवले की १२० पैकी ७५ कोटी गेले. हे ७५ कोटी त्या पाच जणांत कसे वाटायचे, ते मात्र संघाने ठरवायचं.

मुंबई इंडियन्सने तसंच केलं. बुमराहला १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहितला १६.३० कोटी आणि तिलक वर्माला ८ कोटी. बेरीज पुन्हा ७५. हैदराबादने तेवढीच रक्कम वेगळ्या पद्धतीने वाटली आणि एकट्या हाइनरिक क्लासेनला २३ कोटी दिले.

मुंबईकडे उरले ४५ कोटी आणि त्यात जवळजवळ अख्खा संघ उभा करायचा होता. मुंबईने त्या लिलावात १८ खेळाडू घेतले. म्हणजे सरासरी अडीच कोटींना एक. त्यातही वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्टवर साडेबारा कोटी आणि दीपक चहरवर सव्वानऊ कोटी लागले. या दोघांनंतर १६ जणांसाठी सव्वातेवीस कोटी राहिले.

आता ईशान किशनचं बघा. २०२२ मध्ये मुंबईने त्याला सव्वापंधरा कोटींना घेतलं होतं. जेद्दात हैदराबादने त्याला सव्वाअकरा कोटींना नेलं. 'चार कोटींनी स्वस्त झाला होता, तरी घेतला नाही' अशी तक्रार ऐकू येते. पण सव्वाअकरा कोटी म्हणजे उरलेल्या ४५ कोटींचा चौथा हिस्सा. ईशान घेतला असता तर बोल्ट किंवा चहर, दोघांपैकी एक हातचा गेला असता. वाद घालायचाच तर 'ईशान की बोल्ट' असा घालावा लागतो. नुसता 'ईशान हवा होता' हा वाद अर्धाच राहतो.

'मॅच' करून परत का नाही घेतला?

इथे राइट टू मॅच नावाचा नियम येतो. तुमचा जुना खेळाडू लिलावात दुसऱ्या संघाने जिंकला, तर तेवढीच बोली देऊन तुम्ही त्याला परत घेऊ शकता. पण हा हक्क फुकट मिळत नाही. एकूण जागा सहाच. जेवढे खेळाडू आधी राखाल, तेवढे हे हक्क कमी होतात. मुंबईने पाच नामवंत राखले, त्यामुळे एकच हक्क उरला. तोही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या खेळाडूपुरता. ईशान भारताकडून खेळलेला, म्हणून त्याच्यासाठी तो वापरताच येत नव्हता. मुंबईने तो नमन धीरसाठी वापरला.

शिवाय २०२४ मध्ये या नियमाला एक पाचर मारण्यात आली. हक्क वापरायचं जुन्या संघाने जाहीर केलं की आधीच्या विजेत्याला आणखी एकदा बोली वाढवायची संधी मिळते. ऋषभ पंतचं तेच झालं. लखनौने पावणेएकवीस कोटींपर्यंत बोली नेली. दिल्लीने हक्क वापरायचं ठरवताच लखनौने थेट २७ कोटींचा आकडा टाकला. दिल्लीने हात मागे घेतला आणि पंत आयपीएलच्या इतिहासातला सर्वांत महागडा खेळाडू ठरला.

भाव गुणांवर ठरतो की आवकेवर?

हा प्रश्न खान्देशी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. रावेर-यावलचा केळी उत्पादक बऱ्हाणपूरच्या भावावर डोळे लावून बसतो, ते काही घडाची जात बघण्यासाठी नाही. माल तोच, शेत तेच. पण आवक वाढली की भाव पडतो आणि बाजारात माल कमी, व्यापारी जास्त असले की चढतो.

मिचेल स्टार्कचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मधल्या दुबईच्या छोट्या लिलावात कोलकात्याने त्याला २४.७५ कोटींना घेतलं. त्या हंगामात कोलकाता विजेता झालं. पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यातही सामनावीर स्टार्कच होता. तरीही वर्षभराने मोठ्या लिलावात दिल्लीला तो ११.७५ कोटींना मिळाला. स्टार्क वर्षात निम्मा झाला का? नाही. बाजार बदलला. दुबईत सगळे संघ मिळून ७२ खेळाडू विकले गेले, जेद्दात १८२. छोट्या लिलावात बहुतेक संघ तयार असतात, एखाद-दुसरी जागा रिकामी असते आणि त्या जागेचा माल बाजारात फारच थोडा असतो. दोन संघांना एकच गोलंदाज हवा असला की आकडे उडतात. मोठ्या लिलावात मात्र प्रत्येकाला अख्खा संघ बांधायचा असतो आणि पर्यायही भरपूर असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीत हेच पुन्हा दिसलं. कोलकात्याने २३.७५ कोटींच्या वेंकटेश अय्यरला सोडून दिलं, आंद्रे रसेललाही सोडलं आणि भरलेल्या खिशाने लिलावात उतरून कॅमरन ग्रीनसाठी २५.२० कोटी मोजले. वेंकटेश बंगळूरला ७ कोटींना मिळाला. ग्रीनच्या हातात मात्र १८ कोटीच पडणार. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला त्यापुढची रक्कम मिळत नाही. वरचे पैसे बीसीसीआयच्या खेळाडू कल्याण निधीत जातात. फक्त छोट्या लिलावात उतरून चढा भाव मिळवण्याची परदेशी खेळाडूंची युक्ती मोडण्यासाठी हा नियम आला. संघाच्या पर्समधून मात्र पूर्ण २५.२० कोटी वजा होतात.

ट्रेड म्हणजे काय? खेळाडूला कोणी विचारतं का?

लिलावाच्या आधी आणि नंतर ठरावीक काळात दोन संघ थेट सौदा करू शकतात. कधी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, कधी फक्त पैसे. खेळाडूचं मानधन नव्या संघाच्या पर्समधून जातं आणि जुन्या संघाची तेवढी पर्स मोकळी होते. याखेरीज दोन संघ आपसात वेगळी रक्कमही ठरवू शकतात. ती पर्समध्ये धरली जात नाही आणि जाहीरही होत नाही. मुख्य अट अशी की खेळाडूची संमती लागते.

संमती लागते, पण खेळाडूने स्वतः दुसऱ्या संघाशी बोलणी करायची नाहीत. तरुण रवींद्र जडेजाने ते केलं म्हणून २०१० चा अख्खा हंगाम त्याला बंदीत घालवावा लागला होता. तोच जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर ट्रेडने चेन्नईहून राजस्थानकडे, म्हणजे आपल्या पहिल्या संघाकडे गेला. त्याच्यासोबत सॅम करनही गेला. बदल्यात संजू सॅमसन १८ कोटींना चेन्नईत आला. जडेजाचं मानधन १८ वरून १४ कोटींवर आलं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. तिथे हिवाळ्यात खेळ बंद असतो आणि चाहते घरातल्या शेगडीभोवती बसून खरेदी-विक्रीवर वाद घालतात, म्हणून त्या मोसमालाच 'हॉट स्टोव्ह' असं नाव पडलं. दोन फरक मात्र मोठे आहेत. तिथे खर्चाची पक्की मर्यादा नाही, ठरावीक रकमेच्या वर गेलं की कर भरावा लागतो. त्यामुळेच लॉस एंजेलिस डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार करू शकले. दुसरं म्हणजे करारात तशी अट नसेल किंवा खेळाडू फार जुना नसेल, तर त्याला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवता येतं. चाहत्यांचा राग तिथेही विसरला जात नाही. बॉस्टनच्या संघाने बेब रूथला न्यूयॉर्कला विकल्याची बातमी जानेवारी १९२० मध्ये आली. त्यानंतर थेट २००४ पर्यंत बॉस्टनला विजेतेपद मिळालं नाही आणि त्या पिढ्यान्पिढ्यांनी अपयशाचं खापर त्या एका सौद्यावर फोडलं.

मग हार्दिकच्या वेळी बिनसलं कुठे?

वरचा सगळा हिशोब लावला तर २०२३ चा मुंबईचा सौदा कागदावर चोख होता. हार्दिक पंड्या मुंबईनेच २०१५ मध्ये १० लाखांना घेतलेला खेळाडू. २०२२ च्या आधी चारच जणांना ठेवता येत होतं, म्हणून तो सुटला. गुजरात टायटन्सने त्याला १५ कोटींना कर्णधार केलं. त्याने पहिल्याच वर्षी विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद मिळवून दिलं. वेगवान गोलंदाजी करणारा भारतीय अष्टपैलू बाजारात सहज मिळत नाही. त्याचे १५ कोटी उभे करण्यासाठी मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमरन ग्रीन बंगळूरला देऊन टाकला. वर अडीच कोटी शिल्लक राहिले आणि परदेशी खेळाडूची एक जागाही मोकळी झाली. एवढं होईपर्यंत चाहतेही खूश होते.

मग १५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईने हार्दिकला कर्णधार जाहीर केलं. २०१३ पासून संघ चालवणारा आणि पाच विजेतेपदं मिळवून देणारा रोहित शर्मा आता नुसता खेळाडू उरला. २०२४ च्या हंगामात हार्दिक नाणेफेकीला आला की प्रेक्षकांतून हुर्यो उडायची. अहमदाबादेत ती अपेक्षितच होती. पण १ एप्रिलला खुद्द वानखेडेवरही तेच झालं, इतकं की नाणेफेक घेणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिली. गुजरातलाही फायदा झाला नाही, तो संघ आठवा आला.

हरण्याचं कारण हुर्यो होती, असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. पर्समध्ये खेळाडूची किंमत बसते, माणसाची जागा बसत नाही. रोहितचं मानधन, ग्रीनची बदली, हार्दिकचा खर्च, सगळं मोजता येत होतं. दहा वर्षांत लोकांनी ज्याच्याभोवती हा संघ आपला मानला, त्याला बाजूला करण्याची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात नव्हती. आणि तोच राग किती लवकर विरतो तेही दिसलं. जून २०२४ मध्ये भारताने टी-२० विश्वचषक जिंकला. रोहित कर्णधार होता आणि शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. २०२५ मध्ये मुंबई पुन्हा प्ले-ऑफमध्ये पोहोचली, कर्णधार हार्दिकच होता.

मुंबईचा संघ खान्देशाचा कसा?

भुसावळहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या घरात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचं क्रिकेट मुंबईच्या नव्हे, तर पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतं. इथला मुलगा रणजी खेळला तर बहुधा महाराष्ट्राकडून खेळणार, मुंबईविरुद्ध. तरीही आयपीएलमध्ये इथल्या असंख्य घरांत निळा झेंडा असतो, तर काही घरांत धोनीमुळे पिवळा. त्या पिवळ्या संघाचा कर्णधार म्हणून २०२४ मध्ये पुण्याचा ऋतुराज गायकवाड नेमला गेला. मुंबईकर श्रेयस अय्यरने २०२५ मध्ये पंजाबचं नेतृत्व करत मुंबईलाच क्वालिफायरमध्ये हरवलं. म्हणजे आयपीएलचा संघ गावाने मिळत नाही, निवडावा लागतो. निवडलेलं नातं टिकवणारा धागा म्हणजे ओळखीचे चेहरे. म्हणूनच दर नोव्हेंबरला चेहरे बदलले की टोचतं.

खान्देशाच्या नावाचा संघ महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्येही नाही, सर्वांत जवळचा नाशिकचा. तरी या लीगकडे लक्ष ठेवण्यात अर्थ आहे, कारण मोठ्या लिलावाचा रस्ता इथूनही जातो. २०२३ मध्ये पहिल्याच हंगामात सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीने नाशिककडून खेळताना ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या आणि त्याच सामन्यात ४ बळी घेतले. त्याच डिसेंबरात लखनौने त्याला २० लाखांना घेतलं. जळगाव-धुळ्यातल्या मुलांसाठी हा जिना त्यातल्या त्यात जवळचा.

पुढच्या नोव्हेंबरात वाद घालताना

यादी जाहीर झाली की तीन प्रश्न विचारून बघा. एक, सोडलेल्या खेळाडूच्या पैशात संघ काय घेऊ पाहतोय? २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईने पालघरच्या शार्दूल ठाकूरला लखनौकडून २ कोटींना आणि शेरफान रदरफोर्डला गुजरातकडून २.६० कोटींना आणलं, अर्जुन तेंडुलकरला ३० लाखांना लखनौकडे जाऊ दिलं आणि लिलावासाठी फक्त २.७५ कोटी ठेवले. याचा अर्थ संघ जवळपास पूर्ण झालाय आणि लिलावात मोठी उडी मारायची नाही, हे आधीच ठरलेलं होतं. पुढे तसंच झालं. क्विंटन डी कॉक १ कोटीत मिळाला, बाकी किरकोळ खरेदी.

दोन, हा खेळाडू जातोय त्या जागेचा माल यंदा बाजारात किती आहे? भरपूर असेल तर सोडणं शहाणपणाचं, नसेल तर पस्तावा ठरलेला. आणि तीन, हा नुसता खेळाडू आहे की लोक ज्याच्यामुळे संघ बघतात तो माणूस? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं संघाच्या कार्यालयात संगणकावर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर शेकोटीभोवती बसलेल्यांनाच ठाऊक असतं, आणि त्या उत्तरापुरते तेच जाणकार.